सादिया घरी आला

त्सफात या ज्यूंच्या गावात माणूस मेला म्हणून सुटला, असं कधी होत नसे. तो पुढे कुठे गेला, कशात शिरला आणि का अडकला, याची चौकशी मागे राहिलेली मंडळी वर्षभर करत बसायची. डोंगराला चिकटलेलं गाव, उतारावर संतांची थडगी आणि दर तिसऱ्या घरात गूढविद्येचा एक अभ्यासक. दुसरं होणार काय! पाण्याला निघालेली बाई वाटेत दगडाला ठेचकाळली, तर आधी दगडाची क्षमा मागायची. न जाणो, आत कुणाचा तरी आजा असायचा.

ओरोविदा याच गावची. मेंढीच्या दुधाचं चीज करायची आणि दारातच विकायची. तिचं चीज खारट आणि जीभ त्याहून खारट, असं गिऱ्हाइकं म्हणत, पण दोन्हीसाठी पुन्हा येत. तिचा नवरा सादिया मागच्या हिवाळ्यात वारला. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि घराच्या तर मुळीच मध्यात नाही. त्याला एकच ध्यास होता: ही गूढविद्या मुळात निघाली कुठून आणि आपल्या डोंगरावर पोचली कशी, याचा माग काढायचा. पहाटे तो अभ्यासशाळेत जाई आणि दिवेलागणीला जेवायला येई. जेवताना मात्र बोलत असे, कारण तोंड तेव्हाच उघडं सापडायचं.

त्यामुळे ओरोविदाला सगळा इतिहास मसूर वाढता वाढता पाठ झाला होता, पण तिच्या पद्धतीनं. बाबिलोनात जुने लोक उपास करून, डोकं गुडघ्यांत घालून बसत आणि स्वर्गातले सात महाल चढून देवाचा रथ बघून येत. (“सात महाल चढायला पाय चालतात, घरी येताना घागरभर पाणी आणायला मोडतात,” इति ओरोविदा.) मग प्रोव्हान्स आणि स्पेनच्या पंडितांना देवाच्या तेजाच्या दहा पायऱ्या सापडल्या. मग स्पेनच्या राजानं सगळ्यांना हाकललं, तेव्हा ही विद्या आज्यापणज्यांच्या गाठोड्यांत बसून, बोटीत ओकाऱ्या काढत इकडे आली. आणि इथे, त्सफातात, थोर गुरूंनी शेवटची गोष्ट सांगितली: देवानं सृष्टी करताना आपलं तेज भांड्यांत ओतलं, ते भांड्यांना पेललं नाही, भांडी फुटली. त्या तेजाच्या ठिणग्या दगडांत, पाल्यात, जनावरांत अडकून पडल्या. त्या वेचून वर पाठवायच्या, हे माणसाचं काम.

“म्हणजे भांडी त्यानं फोडली,” ओरोविदा म्हणाली होती, “आणि ठिकऱ्या आम्ही वेचायच्या. सगळे पुरुष सारखेच.”

सादियाला हसू आलं नव्हतं. त्याला ते कधीच यायचं नाही.

पहिल्या पुण्यतिथीला जेवण घालायचं म्हणून तिनं खालच्या गावच्या धनगराकडून एक बोकड आणला. काळा, कपाळावर पांढरे पट्टे, डाव्या पायानं जरा लंगडा. जेवणाच्या आदल्या दिवशी हाखाम गदालिया तो बघायला आले. हाखाम म्हणजे धर्मपंडित; हे सादियाचे गुरुबंधू, आणि गावातले कपाळ वाचणारे. माणसाच्या कपाळावर त्याच्या आत्म्याची हकिगत अक्षरांत उमटलेली असते, ती जाणत्याला वाचता येते, हे त्सफातातलं शेंबडं पोरही सांगेल. गदालिया जाणते होते. अडचण एवढीच, की त्यांना वीतभर लांबचं दिसत नसे, म्हणून वाचताना ते समोरच्याच्या कपाळाला नाक टेकवत.

त्यांनी बोकडाच्या कपाळाला नाक टेकवलं. बोकडानं त्यांची दाढी तोंडात घेतली आणि डोळे मिटून चघळू लागला.

गदालिया ताठ झाले. दाढी सोडवून घेत हळूच म्हणाले, “ओरोविदा, हा सादिया आहे.”

“कोण?”

“तुझा नवरा. कपाळावर स्पष्ट आहे. आणि आठवतं ना, विचारात पडला की असाच दाढी चघळायचा.”

“स्वतःची.”

“तो डावा पाय बघ. अभ्यासशाळेच्या पायरीवरून पडला तेव्हापासून सादियाही असाच लंगडायचा.”

ओरोविदानं बोकडाकडे बघितलं. बोकडानं तिच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि तोंड फिरवलं. आता मात्र ती एक पाऊल मागे सरली, कारण ती काही बोलायला लागली की नवरा अगदी असंच करायचा.

“पण त्यांनी पाप ते काय केलं?” तिनं विचारलं. “मुंगी मारली नाही हो कधी. मुंगी दिसली तर पाहिजे ना.”

“काहीतरी देणं राहिलंय त्याचं, या घरातलं,” गदालिया म्हणाले. “काय ते लिहिलेलं नाही. पण काळजी करू नकोस. योग्य मंत्रांनी कापला, चार सज्जनांनी आशीर्वाद म्हणून खाल्ला, की तो मोकळा. मात्र आपल्या मरणानं मेला, तर पुन्हा दगडापासून सुरुवात. आधी दगड, मग गवत, मग पुन्हा बोकड. आणि हो, मालकिणीनं राजीखुशीनं दिला पाहिजे. जुलमानं कापला तर आत्मा अडकतो.”

चार सज्जनांत स्वतः गदालिया होते हे सांगायला नको. मटणाच्या बाबतीत त्यांचा सज्जनपणा गावात प्रसिद्ध होता.

“पुढच्या शुक्रवारी बघू,” ओरोविदा म्हणाली. पुण्यतिथीच्या जेवणाला पाहुण्यांना मसूर मिळाले. गदालियांनी ते एरंडेल प्यायल्यासारखे खाल्ले.

बातमी दुपारच्या आत गावभर झाली. भाजीवाल्याची कोबी बोकडानं उचलली, तर तो म्हणाला, “राहू दे, जिवंतपणीही न विचारताच घ्यायचा.” सादियाचा अभ्यासशाळेतला जोडीदार एक जुना वाद घेऊन आला: दहा पायऱ्यांतली पहिली देवातच आहे की देवाबाहेर? बोकडानं मान हलवली. “बघा, अखेर कबूल केलं,” असं म्हणत तो समाधानानं गेला. बोकडानं नेमकं काय कबूल केलं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुरुषमंडळी पांढरे कपडे घालून शब्बाथ नावाच्या नवरीला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र सुट्टीच्या दिवसाला, सामोरी जायला माळावर निघाली, तेव्हा बोकडही मागोमाग गेला आणि गदालियांच्या कमरेचा पांढरा शेला अर्धा खाऊन आला. कुणी त्याला काठी मारली नाही. सादियाला मारणार कसं?

आणि ओरोविदा? ती पहिले दोन दिवस गप्प होती. आदल्या दिवसापर्यंत ती त्याला “हाड मेल्या” म्हणायची. आता तोंडात ‘अहो’ यायला लागलं. तिसऱ्या दिवशी दही बांधताना ती सहज म्हणाली, “अहो, ते छत गळतंय, मी तुम्हाला तीन हिवाळे सांगत होते.”

बोकड उभा होता. गेला नाही. पुस्तक उघडलं नाही. “पुढे वाढ” म्हणाला नाही.

मग काय, धरणच फुटलं. छत, चूल, त्याच्या आईनं लग्नात केलेला पानउतारा, तिच्या बहिणीच्या लग्नाला तो चुकून भलत्याच गावी गेला ते, सगळं तिनं त्याला सांगितलं. बोकड रवंथ करत ऐकायचा. मधूनच कान हलवायचा. शेजारीण लुना चीज घ्यायला आली की हा संसार बघत दारात उभी राहायची.

“अगं, त्याला कापायचंय ना तुला?” लुना म्हणाली. “इतका जीव लावू नये.”

“जीव कसला लावते! हिशेब मांडतेय.”

“मग गाल का लाल झालेत?”

“चुलीपाशी बसलेय, भवाने.”

शुक्रवार आला आणि ओरोविदा म्हणाली, पुढचा बघू. पुढचा आला, तेव्हा तिला दुधाची गडबड होती. त्याच्या पुढच्याला गदालिया स्वतः आले आणि ओट्यावर बसले.

“हे बरं नव्हे,” ते म्हणाले. या खेपेला त्यांच्या आवाजात मटण नव्हतं; माणूस खादाड असला तरी मित्रावर त्याचा जीव होता. “तो वर जायला तडफडतोय, ओरोविदा. जन्मभर वाट शोधली बिचाऱ्यानं. आणि तू त्याला दाव्याला बांधून ठेवलायस.”

“तडफडतोय?” तिनं बोट दाखवलं. बोकड पालकाच्या जुडीत तोंड खुपसून उभा होता. “हाखाम, लग्न झाल्यापासून हा माणूस रथामागे, महालांमागे धावला. कधी बाबिलोनात, कधी स्पेनात. घरी म्हणून नव्हता. आत्ता कुठे घरी आलाय, तर तुम्ही त्याला स्वर्गात पाठवायला निघालात.”

गदालिया ओट्यावरून उठले. जाताना ते एवढंच म्हणाले, “म्हातारा होईल तो. एक दिवस आपणच मरेल. मग दगड. तुझ्या हट्टापायी.”

हे मात्र तिला लागलं. तिचं भांडण सादियाशी होतं, त्याच्या आत्म्याशी नव्हतं. आपल्या बोलण्याच्या हौसेपायी तो कुठेतरी ओढ्यात दगड होऊन पडेल, बायका त्याच्यावर कपडे आपटतील, या विचारानं तिला जेवण गेलं नाही. गुरुवारी तिनं निरोप पाठवला: उद्या सकाळी सुरीवाल्याला घेऊन या.

निरोप गेल्यावर ती बोकडापाशी येऊन बसली. सगळं सांगून झालं होतं, एक सोडून. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“एस्त्रेयाचं,” ती म्हणाली.

एस्त्रेया त्यांची मुलगी, एकुलती एक. चार वर्षांची होऊन तापानं गेली.

“त्या दिवशी तुम्ही खालच्या खोऱ्यात होतात, संताच्या थडग्यावर पालथे पडून. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी बोलत होतात. मी माणूस पाठवला, तर तुम्ही म्हणालात, मधेच उठता येत नाही. संध्याकाळी आलात तेव्हा पोर गार झाली होती. त्यानंतर तिचं नावसुद्धा घेतलं नाहीत. या डोंगरावरच्या सगळ्या थडग्यांवर तुम्ही पडलात. हिच्या थडग्याकडे एकदा गेला नाहीत. एकदासुद्धा.”

बोकड उभा होता. या वेळी त्यानं कानही हलवला नाही, किंवा तिला डोळ्यांतल्या पाण्यात तो दिसला नाही.

शुक्रवारी सकाळी गदालिया सुरीवाल्याला घेऊन आले, तर घराला कडी. लुना म्हणाली, “ती त्यांना घेऊन उताराकडे गेली.” गावात आता बोकडाला सगळेच ‘त्यांना’ म्हणत होते.

दोघे धापा टाकत उताराला लागले. खाली, मोठ्या संतांच्या निळ्या रंगवलेल्या थडग्यांपलीकडे, जिथे लहान मुलांना पुरतात तिथे एस्त्रेयाच्या दगडापाशी ओरोविदा दावं धरून उभी होती. बोकडानं आधी दगडाभोवतीचं गवत खाल्लं. मग कडेचं काटेरी झुडूप खाल्लं. सकाळच्या उन्हानं दगड तापला होता. बोकडानं पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, अंग दगडावर टाकलं, आणि कपाळ खाली टेकवून निवांत पडून राहिला.

सुरीवाल्यानं सुरी पाठीमागे लपवली.

“दिलं,” ओरोविदा म्हणाली. “राहिलं होतं ते दिलं त्यांनी. बघा आता तुम्ही, हाखाम. आहेत का अजून आत?”

गदालिया गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बोकडाच्या कपाळाला नाक टेकवलं. कपाळ मातीनं आणि ओल्या गवतानं बरबटलं होतं. ते बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांच्या नाकालाही माती होती आणि डोळे पुसताना ती गालभर पसरली.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले. “गेला तो.” मग बोकडाच्या मांसल पुठ्ठ्याकडे एकदा बघून त्यांनी खोल उसासा सोडला. “वाया गेला असं नाही म्हणत मी. पण आम्हाला उपाशी ठेवून गेला.”

“मसूर आहेत,” ओरोविदा म्हणाली.

संध्याकाळी पुरुष गात गात माळावरून परतले. ओरोविदानं शब्बाथचे दिवे लावले, ओढणी डोक्यावर घेतली. लुनाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा तिबेरियाचा, हुंड्यावरून भांडण झालं होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बोकडानं दारातून आत डोकं घातलं. ती वळली आणि म्हणाली, “अहो, ऐकलंत का—”

बोकड तिच्या ओढणीचा पदर खात होता.

“हाड मेल्या,” ती म्हणाली. पदर ओढून घेतला, आणि सादिया वारल्यापासून पहिल्यांदाच ती भुईवर बसून त्याच्यासाठी रडली.