बंड्याचा शनिवार

उदयसिंह घोरपड्यांना काशिरामचा हेवा वाटायचा. ही गोष्ट त्यांनी बायकोजवळही कधी कबूल केली नव्हती, पण कुमुदताईंना ती न सांगताच माहीत होती.

दोघं तळोज्याच्या एकाच केमिकल कारखान्यात, एकाच आठवड्यात कामाला लागले. उदयसिंह साताऱ्याकडून आलेले, काशिराम जवळच्या बेलपाड्याचा. काशिरामला पहिल्या वर्षापासून दिवसपाळी मिळाली, उदयसिंहांच्या वाट्याला नऊ वर्षं रात्रपाळी आली. सुपरवायझरची एक जागा निघाली तेव्हा दोघांचीही नावं वर गेली होती. पेढे काशिरामने वाटले. निवृत्तीनंतर नवीन पनवेलला एकाच सोसायटीत दोघांनी घरं घेतली, तर तळमजला काशिरामला मिळाला, मागच्या बाजूला कढीपत्ता आणि दोन केळी लावण्यापुरती जागा असलेला. उदयसिंह आपला दुखरा गुडघा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

यातलं काहीही काशिरामने त्यांच्या हातून हिसकावून घेतलेलं नव्हतं. उलट उदयसिंह दिवसपाळीत आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी तो कायम अर्धी मोडून त्यांच्यापुढे ठेवायचा. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

दोन वर्षांपूर्वी गव्हाणच्या एका फार्महाऊसवर लॅब्रेडोरची पिल्लं आहेत, ही बातमी काशिरामनेच आणली. त्याच्याच गाडीतून दोघं गेले. एका विणीतली दोनच पिल्लं उरली होती, एक फिकट सोनेरी आणि एक काळंभोर. उदयसिंहांच्या मनात सोनेरीच भरलं. गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकेपर्यंत ते पिल्लू काशिरामच्या चपलेवर जाऊन बसलं.

"बग, यानंच मना निवडला," काशिराम हसून म्हणाला.

उदयसिंहांनी काळं पिल्लू उचललं.

काशिरामच्या कुत्र्याचं नाव सोन्या ठेवलं गेलं. उदयसिंहांच्या घरी कुमुदताईंनी आठ दिवस त्या पिल्लाचे उद्योग पाहिले आणि त्याला बंड्या म्हणायला सुरुवात केली.

सोन्या चार महिन्यांचा असताना 'बस' म्हटलं की बसू लागला. सहा महिन्यांचा झाला तेव्हा काशिराम त्याला गेटपाशी बसवून दूध आणायला जायचा आणि हा जागचा हलायचा नाही. बंड्याला 'बस' म्हटलं की तो शेपटी हलवायचा. पुन्हा म्हटलं की उडी मारायचा. कुणाच्या हातात पिशवी दिसली की त्याला आवरणं कठीण. थेट पिशवीत तोंड.

"काय रं उदयसिंग," काशिराम म्हणायचा, "कस्टममधी लावतोस काय याला? सगल्यांच्या बॅगा तपासतोय."

पुण्याला असलेल्या वरदने, म्हणजे मुलाने, एकदा लॅब्रेडोरच्या रंगांवरचा एक लेख मोबाइलवर पाठवला. सोनेरी कुत्री शांत असतात असं लोक मानतात, काळी शिकारीच्या कामाची, चॉकलेटी शिकवायला जरा जड, असं त्यात सुरुवातीला होतं. खाली असंही होतं की आईबापांचा स्वभाव आणि घरच्यांनी लावलेल्या सवयी रंगापेक्षा जास्त मोजायला हव्यात. उदयसिंहांनी वरचा भाग तीनदा वाचला. खालचा राहून गेला.

"रंगातच आहे हे," ते कुमुदताईंना म्हणाले. "सोनेरी असता तर एव्हाना हात द्यायला शिकला असता."

"अहो, तुम्ही त्याला कधी दहा मिनिटं नीट शिकवलंय का?"

"शिकणाऱ्यातला असता तर शिकवलं असतं."

मग ती नारळांची गोष्ट घडली. बी विंगमधल्या एक वयस्कर बाई पिशवीत नारळ घेऊन गेटमधून येत होत्या. बंड्याने पिशवीवर झेप घेतली, बाई पडल्या, मनगट मुरगळलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. पुन्हा असं झालं तर कुत्र्याबद्दल सभेत निर्णय घ्यावा लागेल, असं त्यात लिहिलं होतं.

दुसरा कुणी घाबरला असता. उदयसिंहांना त्या पत्रात वाट दिसली. त्यांनी गव्हाणला फोन लावला. बंड्याला परत घ्यायला फार्महाऊसवाले तयार होते, राखणीला मोठा कुत्रा त्यांना हवाच होता. जरा घुटमळून उदयसिंहांनी विचारलं, "सध्या पिल्लं आहेत का? सोनेरी?"

होती. रविवारी सकाळी या, म्हणाले.

कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "सोनेरी आणलंत आणि तेही नाही बसलं, तर?" त्यानंतर दोन दिवस त्यांनी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

शनिवार उजाडला. रोजच्या रिवाजाप्रमाणे उदयसिंह बंड्याला वॉचमनच्या केबिनशेजारच्या खांबाला बांधून वाचनालयात जायचे आणि तासाभराने पेपर संपवून यायचे. त्या दिवशी त्यांचा पाय निघेना. उद्या द्यायचाच आहे, तर आज बसू याच्यापाशी, म्हणून ते बाजूच्या बाकावर, बोगनवेलीच्या आडोशाला बसले.

आठच्या सुमारास ए विंगमधले एक गृहस्थ आले. पिशवीतून तेल लावलेली पोळी काढली. बंड्याने उडी मारून ती हातातूनच ओढली. गृहस्थांनी त्याच्या डोक्याला हात लावून आपल्या कपाळाला लावला आणि ऑफिसला गेले. मागोमाग कॉलेजात जाणारी एक मुलगी आली, डब्यात गुळपोळीचा तुकडा घेऊन. मग एक जोडपं. मग कारखान्याच्या बसची वाट बघणारा एक जण.

शनिवारी काळ्या कुत्र्याला घास घातला की शनीचा त्रास कमी होतो, हे उदयसिंहांना माहीत होतं. कुणीकुणी बंड्याला काहीबाही घालतं, हेही माहीत होतं. पुण्याचं काम म्हणून त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, उलट थोडं बरंच वाटायचं. पण समोर बसून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. पावणेनऊपर्यंत अकरा माणसं येऊन गेली. प्रत्येकाच्या हातात पिशवी किंवा डबा. प्रत्येक वेळी बंड्या झेप घ्यायचा आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी मिळायचं.

नारळांचा तो दिवसही शनिवारच होता.

सगळी सोसायटी दोन वर्षं दर आठवड्याला याला पिशवीवर उडी मारायला शिकवत होती, आणि हा पठ्ठ्या अगदी मन लावून शिकला होता. सोनेरी सोन्याला शनिवारी कोण खायला घालणार?

तेवढ्यात काशिराम आला. मागे सोन्या, दोरीशिवाय. काशिरामने इकडेतिकडे पाहिलं, बोगनवेलीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी होती.

बंड्याने उडी मारली नाही. काशिराम समोर उभा राहताच तो खाली बसला, पुढचे पाय जुळवून, मान वर करून, सोन्यापेक्षाही ताठ.

"शाबास," काशिराम म्हणाला आणि पुरचुंडी सोडली.

आतली भाकरी उदयसिंहांनी बाकावरूनच ओळखली. तांदळाची, कडेला तीन बोटं उमटलेली. काशिरामची बायको गोदू भाकरी थापायची तेव्हा तिची बोटं तशीच उमटायची. तशा भाकऱ्यांचे अर्धे तुकडे खात त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली होती.

ते उठून पुढे आले. काशिराम दचकला आणि भाकरी पाठीमागे लपवू लागला. बंड्या बसल्या जागी मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

"कधीपासून चाललंय हे?" उदयसिंहांनी विचारलं.

"वरीस झालं असंल. सुरजची साडेसाती हाय. गोदू म्हणली, घाल." सुरज हा काशिरामचा मुलगा. काशिराम खाली बघत म्हणाला, "तुला काय सांगायचा? आमी तुज्या कुत्र्याची टर उडवायची आन् त्याच्याच पुढं हात जोडायचं."

"हा बसतो कसा तुझ्यासमोर?"

"बसल्याबिगर देत नाय मी. पयल्या दिवशी लय नाचला. मी भाकरी धरून उभा राह्यलो. दमला न् बसला. दुसऱ्या शनवारी नाचलाच नाय."

"माझ्यासाठी एकदाही बसला नाही हा."

"तू उभा राह्यलास काय कदी त्याच्यासाठी?"

दिवसपाळी गेली, सुपरवायझरची जागा गेली, तळमजला गेला, आणि आता आपल्या कुत्र्यालाही पहिल्यांदा बसवलं ते यानेच.

काशिराम सोन्याकडे बघत होता. "खरा सांगू? याच्याकडं कोण वळून बगत नाय. गप बसतो ना. शनवारी तर आमी दोगं इथनं असे जातो, जसा कोण हायच नाय. न् तुज्या बंड्याला लोक कपाळ लावून जातात. मनात येतं, त्या दिवशी गव्हाणला मी काला का नाय उचलला."

उदयसिंहांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. काशिराम थट्टा करत नव्हता. इतक्या वर्षांत या माणसाला आपल्याकडची एखादी गोष्ट हवीशी वाटली असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"दे," ते म्हणाले. "भाकरी दे इकडे."

त्यांनी भाकरी हातात धरली आणि बंड्यासमोर उभे राहिले. बंड्या लगेच उठला, नाचला, त्यांच्या शर्टावर दोन्ही पंजे टेकले. ते हलले नाहीत. गुडघा ठणकत होता. बऱ्याच वेळाने बंड्याचं बूड जमिनीला लागलं.

घरी जाऊन त्यांनी गव्हाणला फोन केला आणि रविवारचं रद्द केलं. संध्याकाळी कुमुदताईंनी चहाबरोबर शेवही ठेवली.

पुढच्या शनिवारपासून उदयसिंह स्वतः बंड्याशेजारी उभे राहू लागले. कुत्रा बसल्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही, आणि पिशवी आधी बाकावर ठेवायची. पहिल्या आठवड्यात लोक कुरकुरले. एक जण म्हणाला, शनीला शिस्त कशाला. पण उदयसिंह ऐकेनात. चार शनिवारांनी बंड्या दहातल्या सहा वेळा बसू लागला. सोसायटीचं दुसरं पत्र आलं नाही. मनगट दुखावलेल्या त्या बाईही एकदा येऊन लांबूनच पोळीचा तुकडा टाकून गेल्या.

काशिराम आता उघडपणे येतो. तो कितीही लवकर आला तरी उदयसिंह त्याला दोन जणांच्या मागे थांबवतात.

"अरे, घरच्या माणसाला कसली लाइन?" काशिराम म्हणतो.

"नियम सगळ्यांना सारखा," उदयसिंह म्हणतात, आणि त्यांना फार बरं वाटतं.

मग काशिरामची पाळी येते. तो नुसता समोर उभा राहतो आणि बंड्या तत्काळ बसतो, उदयसिंहांसमोर बसतो त्याच्या निम्म्या वेळात. उदयसिंह तेव्हा बोगनवेलीकडे बघतात.