पांडूनाखव्याची शिट्टी आणि पोलंडचा जनू

आमच्या कंपूचं असं आहे, कुणी नुसतं 'बॉल' म्हटलं की एक जण जनूची गोष्ट काढतो, दुसरा म्हणतो "ती सोड, ही ऐक," आणि सगळ्यांचा चहा गार होतो!

जनू म्हणजे यानेक. पोलंडचा व्हॉलीबॉल प्लेअर, सव्वासहा फूट! त्याचं जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत अडकलेलं आणि मी तिथल्या एका ऑफिसात कारकून. माझा दोस्त दामू रेवदंड्याचा कोळी. शनिवारी हाफ डे सुटला की आम्ही यानेकला लाँचने रेवसला आणि तिथून एसटीने रेवदंड्याला न्यायचो. गावाने पहिल्याच दिवशी त्याचा जनू करून टाकला.

* * *

तिकडे जनू जहाजं बांधणाऱ्या एका कारखान्याच्या टीममधून खेळायचा. हजेरीपटावर वेल्डर, पगार वेल्डरचा, काम फक्त व्हॉलीबॉल!

"मग वेल्डिंग येतं का?" मी विचारलं.

"एकदा केलं," जनू तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "बूट जळला."

मग गुडघा गेला. कोचने सांगितलं, काही महिने जहाजावर काढ, परत आलास की उडी दाखव. कोपर नेटच्या वर गेलं तर टीममध्ये, नाहीतर खरंच वेल्डिंग!

आणि जनू तर घाबरून उडीच मारत नव्हता! जमिनीवरूनच बॉल असा उचलून द्यायचा, की आमच्यासारखे बुटबैंगणसुद्धा हिरो!

* * *

आमचं नेट म्हणजे मासळीचं जुनं जाळं. एकदा जनूने उभ्या उभ्याच असा फटका हाणला, की बॉल जाळं फाडून आरपार! दामूचे काका पांडूनाखवा आमचे अंपायर. त्यांनी शिट्टी मारली. आम्हाला वाटलं, फाऊल! ते आले आणि जनूच्या हातात जाळं शिवायची सुई ठेवली.

"फाडलंस ना? मंग शीव!"

जनू वाळूत मांडी घालून बसला. जहाजावरचा माणूस, गाठी एकदम पक्क्या! नाखव्यांनी एकेक ओढून बघितली.

"दाम्या, तुझ्यापरीस बरा हाय!"

* * *

ओहोटीला उघडी पडणारी वाळू, हेच आमचं ग्राउंड. भरतीचं पाणी मागच्या लाईनला लागलं की खेळ बंद, त्या वेळी जो पुढे तो जिंकला. एकदा दामूला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. पाणी टेकलं, शिट्टी!

"काका, एकच पॉइंट! प्लीज!"

"भरती काय तुझी मावशी हाय, थांबायला?"

* * *

जनूचा गुडघा पाहून दामूच्या आईने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक दिला. जनू पोलिशमध्ये जे काय ओरडला!

"शिव्या दे रे बाबा, पन पाय नको हलवू!"

नाखव्यांचं औषध वेगळं. "गुडघाभर पाण्यात उड्या मार. पडलास तरी लागनार न्हाय."

दर रविवारी सकाळी जनू समुद्रात धबाधब उड्या मारायचा. आणि वाळूवर आला की पाय पुन्हा जमिनीला चिकटलेले!

* * *

शेवटचा रविवार. बुधवारी जहाज सुटणार. समोर मुरुडची टीम, चौदा-बाराने पुढे. पाणी लाईनला लागलं.

"खलास! जिंकलो!" मुरुडचा कॅप्टन नाचायला लागला.

शिट्टी वाजलीच नाही. नाखवा खोक्यावर बसून माडांकडे बघत होते.

"नाखवा, पानी!"

"कुठं हाय?"

झालं, खेळ चालू! सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, पॉइंट कुणालाच नाही. पाणी घोट्याला, मग पोटरीला. मुरुडवाल्यांचे पाय उचलेनात. पाणी गुडघ्याशी आलं, दामूने बॉल वर दिला आणि जनू उडाला! कोपर जाळ्याच्या वर, आईशप्पथ! फटका! तेरा!

तो धबाक्कन पाण्यात पडला. आम्ही सगळे त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिलो. जनू उठला, नाकातोंडातलं पाणी काढलं आणि ओरडला, "अगेन!"

मुरुडचा कॅप्टन रडकुंडीला आला. "अवो नाखवा, तुमच्या चपला वाहत चालल्या!"

नाखव्यांनी चपलांकडे बघितलंसुद्धा नाही.

"भरतीला अजून येळ हाय," ते म्हणाले. "जनू, उडी मार!"