माघारी घेतलेली प्रार्थना

आमच्या सांगलीच्या मंडळीचा फोनवर एक ग्रुप आहे. सकाळी कुणीतरी लिहितं, ‘सासूबाईंना ताप आहे, प्रार्थनेची गरज’, आणि थोड्याच वेळात जोडलेल्या हातांची चित्रं रांगेनं येऊन बसतात. मीही एक टाकते आणि गॅसवरचं दूध बघायला जाते. सासूबाईंचा ताप उतरतोसुद्धा, नाही असं नाही. पण ते हात पाठवताना मला हटकून आई आठवते. तिला कुणासाठी प्रार्थना करायची म्हणजे आधी हातातलं काम खाली ठेवावं लागायचं.

माझं माहेर मलकापूरचं. देऊळ कराडला. आमच्या जुन्या माणसांत चर्चला देऊळच म्हणतात. रविवारची उपासना तिथं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरसभा, दर आठवड्याला वेगळ्या घरी. ज्यांच्या घरी सभा त्यांच्या पोरांना दुपारपासून सुख नसायचं. कॉट उभी करून भिंतीला लावा, शेजारून सतरंजी आणा, टीव्हीवर टॉवेल टाका. टीव्हीवर टॉवेल कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा त्यानंही डोळे मिटावेत म्हणून. दारात चपलांचा ढीग पडायचा, आत खंजिरीवर दोन भजनं व्हायची, थोडं शास्त्रवाचन, आणि मग साखळी प्रार्थना. तिच्यासाठीच तर सगळे आलेले असायचे.

साखळी म्हणजे गोल करून बसायचं, डोळे मिटायचे आणि एकेकानं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याला मोठ्यानं करायची नसेल त्यानं शेजारच्याचा हात हळूच दाबायचा, की पाळी पुढं सरकली. आमचे एक काका ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ’ असं छापील मराठीत सुरू करायचे आणि त्यांचं आमेन येईपर्यंत पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची. एक आजी प्रार्थनेतूनच सुनेला सुनवायच्या. ‘प्रभू, आमच्या घरातल्यांना वेळेवर उठायची बुद्धी दे.’ सूनही वस्ताद. ती सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायची.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे सगळी मंडळी तिला बाई म्हणायची. तिच्या प्रार्थनेची तऱ्हाच वेगळी. कुणाचा गुडघा दुखत असेल तर डावा की उजवा, ते ती देवाला सांगायची. कुणाच्या मुलाची साताऱ्याला मुलाखत असेल तर ती कचेरी स्टँडपासून कुठल्या बाजूला, तेही सांगायची. बाबा चिडवायचे, “अगं, तो सर्वज्ञ आहे. त्याला पत्ता कशाला?”

आई म्हणायची, “त्याला नको असतो हो पत्ता. मला त्या माणसापाशी जाऊन उभं राहायचं असतं.”

लोकांना तिचं हे फार आवडायचं. बाजारात भाजी घेता घेता बायका तिला गाठायच्या, “बाई, आमच्यासाठी मागा.” बाईंचं मागणं देव ऐकतो, असं मंडळीत बोललंच जायचं. आई वरवर रागवायची, पण आतून तिला ते गोड लागायचं, हे मला दिसायचं.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या काकू. मूळच्या शिराळ्याकडच्या, काका फौजेतून निवृत्त झालेले. आई त्यांना वहिनी म्हणायची. शाळा सुटली की आई आधी वहिनींकडे आणि मग घरी. आमच्या घरचं लोणचं त्यांच्या बरणीत आणि त्यांची चटणी आमच्या. दोघींनी एकमेकींना कधी अगं-तुगं केलं नाही, आणि इतकं जवळचं दुसरं कुणी दोघींनाही नव्हतं.

काकूंची एकुलती एक मुलगी पुण्यात दिली होती. लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट. ती अचानक माहेरी आली आणि राहिली. विश्रांतीला आलीय, असं काकूंनी सगळ्यांना सांगितलं. आईला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, “सासरी पटंना झालंय बाई. परत जानार न्हाई म्हनती. कुनाला बोलू नका.”

आई कुणाला बोलली नाही. माणसांत तर नाहीच. पण त्या शुक्रवारी सभा आमच्याच घरी होती. साखळी आईपर्यंत आली, आणि मनात साचलेलं सगळं तिच्या तोंडावाटे बाहेर पडलं. तिनं त्या मुलीचं नाव घेतलं, तिच्या नवऱ्याचं घेतलं. ‘प्रभू, दोघांची मनं वळव. तुटू पाहणारा संसार सांध. तिला सुखरूप परत नांदायला धाड.’ आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाकीच्यांचे डोळे मात्र टक्क उघडे. मी त्या दिवशी माहेरीच होते आणि मीही उघडले. आमच्या लोकांची ही जुनीच खोड आहे. जे माणसांपुढं बोलायचं नाही ते आम्ही देवापुढं बोलतो आणि गोल करून बसलेली माणसं ऐकतायत हे विसरतो. आई संपवायच्या आतच काकू उठल्या, पदर खोचला आणि चपला घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्या दारात गेली. मी बरोबर होते. आई रडत म्हणाली, “वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा.”

काकू चौकटीत उभ्या होत्या. आत या म्हणाल्या नाहीत. “तोंडानं माफ केलं बाई. मनातनं न्हाई झालं. खोटं कशाला बोलू?”

त्या दिवसापासून आईनं मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. शुक्रवारी जायची, गोलात बसायची, पाळी आली की शेजारणीचा हात दाबायची. लोक वाट बघायचे. माहेरी आले की मला ती शांतता सहन व्हायची नाही. उन्हाळ्यात नदीचं कोरडं पात्र बघावं तशी ती वाटायची, आणि त्यात आईचं काय काय आटलंय ते मला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट याहून कठीण होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. त्याआधी पाळक, म्हणजे आमचे पाद्री, दर वेळी बजावतात, कुणाविषयी मनात अढी असेल तर आधी समेट करा, मग या. हे वाक्य ऐकून ऐकून मंडळीच्या कानाला घट्टे पडलेले. बांधावरून कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊसुद्धा रांगेत एकामागं एक उभे राहून भाकर आणि प्याला घ्यायचे आणि बाहेर येऊन पुन्हा तोंडं फिरवायचे. पण आई बाकावर बसून राहायची. आणि बायकांच्याच बाजूला, पुढच्या बाकावर, काकूही बसून राहायच्या. अख्खी मंडळी पुढं जाऊन यायची आणि या दोघी आपापल्या जागी, मान खाली घालून. मला दोघींचा संताप यायचा. सगळं जग चालवून घेतं, तुम्हालाच का चालत नाही? आता वाटतं, त्या देवळात तो नियम खरा मानणाऱ्या बहुतेक त्या दोघीच होत्या.

अशी वर्षं गेली. पाळक बदलले, लॉकडाऊन आला आणि गेला. काकूंची मुलगी पुण्यालाच वेगळी राहून एका तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करू लागली. ती परत नांदायला गेली नाही. आईला तिची खबर माझ्याकडून लागायची, कारण ती मुलगी अधूनमधून मला फोन करायची. आई खोदखोदून विचारायची. खोली कशी आहे, जेवण कुठं करते, येते-जाते कशानं? मी म्हणायचे, “तुला काय करायचंय?” ती पुढचा प्रश्न विचारायची.

मग आईचं हृदय थकलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. त्याचा अर्थ न कळण्याइतकी आई भोळी नव्हती. नवे पाळक तरुण होते, मायाळू होते. ते म्हणाले, रविवारी उपासना झाल्यावर मी प्रभुभोजन घेऊन घरी येतो. आजारी माणसाला घरी नेऊन देण्याची आमच्यात रीतच आहे.

आई म्हणाली, “नको. वहिनींचं अजून मनातनं झालेलं नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चपला घातल्या आणि तडक काकूंचं घर गाठलं. त्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलले. “काकू, आई फार दिवसांची सोबती नाही. भाकरीला नको म्हणतेय, तुमच्यामुळे. एकदा येऊन नुसतं म्हणा की झालं. तुमचं काय जाणार आहे?”

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “खोटं बोलू? तेबी तुझ्या आईसंगं?”

“हो, बोला.”

“ती वळकंल गं,” त्या म्हणाल्या. “आन मरताना मानसाला खोटं दिऊन धाडायचं व्हय?”

मला रडूच आलं. त्यांनी मला पाणी दिलं. मग हळूच विचारलं, “पाळक कवा येनार हायत?”

रविवारी पाळक आले तेव्हा काकू त्यांच्याआधीच येऊन आईच्या कॉटशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. काकूंना दार उघडताना बाबा इतके गडबडले की त्यांना ‘या’ म्हणायचंही सुचलं नाही. आई उशीला टेकून बसलेली. पाळकांनी भाकरीचा छोटा डबा आणि प्याला टेबलावर ठेवला.

“अजून न्हाई झालं, बाई,” काकू म्हणाल्या.

आई किंचित हसली. “मला दिसतंय ना वहिनी. पण तुम्ही आलात.”

काकूंनी एकदा पाळकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बोलायला लागल्या. “तुमी लोकांत सांगितलंत त्याचा राग कवाच गेला. लोकांस्नी आज ना उद्या कळलंच असतं. पर तुमी तिला परत नांदायला धाड म्हनालात. आवं, ती मार खाऊन आली हुती. पाठीवरचं वळ म्या माझ्या हातानं शेकलं. आन तुमचं मागनं देव आयकतो असं समदी म्हनायची. म्या लय भ्याले, बाई. ह्या बाईचं त्यानं आयकलं तर माझी पोरगी परत त्या घरात जानार. म्या इकडं रोज मागायची, की बाईंचं आयकू नगंस.”

इतकी वर्षं आम्ही सगळे तो गुपित फुटल्याचा राग समजत होतो, आणि काकूंचा राग तो नव्हताच. माझ्या आईच्या प्रार्थनेची त्यांना भीती वाटत होती. आईला हे ऐकून काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही. तिचा चेहरा पार उतरला.

“मला का नाही सांगितलंत, वहिनी?” ती कसंबसं म्हणाली.

“लाज वाटली. पोरीची न्हाई, माझी. लगीन म्याच जमवलं हुतं.” काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि आईचा हात हातात घेतला. “आता तुमी ते मागनं माघारी घ्या. मोठ्यानं घ्या, मला आयकू येऊ द्या. आन माझ्यामागं तिच्यासाठी मागनारं कुनी न्हाई, तर तुमी नीट मागा. तुमच्यावानी मला मागता येत न्हाई.”

आईनं डोळे मिटले. तिला धाप लागत होती, मध्ये मध्ये थांबत होती. “प्रभू, त्या शुक्रवारी मी जे मागितलं ते मला देऊ नकोस. मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. तू माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.” वाटलं, संपलं. पण मग ती त्या मुलीविषयी बोलू लागली. तिच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती रस्त्याकडं उघडते. ती सकाळी न खाताच कामाला जाते. पावसात तिच्या गाडीचा ब्रेक धड लागत नाही. घरमालकीण बरी आहे, तिला तशीच ठेव. मी फोनवर ऐकलेलं आणि सहज आईला सांगितलेलं एकूण एक सगळं. काही तर मीच विसरून गेले होते. तेव्हा मला कळलं की शुक्रवारी शेजारणीचा हात दाबून आई गप्प बसायची ती फक्त आमच्या कानांपुरती गप्प बसायची.

काकूंनी डोळे उघडले होते आणि त्या आईच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्या लेकीच्या खोलीला एकच खिडकी आहे, हे त्यांनी आमच्या घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

पाळकांनी डबा उघडला. ते एका आजाऱ्यापुरतीच भाकर घेऊन आले होते. त्यांनी तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही तळहातावर धरले.

काकूंनी हात पुढं केला. मग आईनं केला.