सी आणि डीमधला गडगा

२०२३ साल. मी एकाहत्तरचा. शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळी हयात चिऱ्याचं गवंडीकाम. अर्ध्या गावाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, माझ्या हातचे आहेत आणि एकाचंही पोट सुटलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

मुलगा बोटीवर असतो. तो गेला तेव्हा नात तीन महिन्यांची होती. ती पालथी पडली, रांगली, चालली, सगळं त्याच्या मागे. बोटीवर नेट धड नाही, फोटोसुद्धा जात नव्हते. म्हणून सून फोन भरला की सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायची, डी नावाच्या भागात. महिन्याभरात तो येणार होता, मग पहिल्यापासून बघणार होता. दुसरीकडे कुठे कॉपी नव्हती.

तो कॉम्प्युटर अडकत अडकत चालायला लागला. सी, म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटर चालतो तो भाग, भरून लाल झाला होता, डी अर्धा रिकामा; डीमधली जागा काढून सीला द्यायची होती. सून माहेरी जामसंड्याला जाताना म्हणाली, "बाबांनू, रविवारी कसालचो कॉम्प्युटरवालो माणूस येतलो. तोपर्यंत हात लावू नकात."

"तुका काय वाटता, माका जमाचा नाय?"

"जमात. पण चुकलां तर?"

ते मला लागलं. दोन खोल्यांमधली भिंत सरकवायला मी कसालहून माणूस आणू?

दुसऱ्या दिवशी जेवून फोनवर एक व्हिडिओ तीनदा बघितला आणि बसलो. डी आखडला. जागा मोकळी झाली, पण डीच्या पलीकडच्या टोकाला. सीला ती घेता येईना, बटणच दाबलं जाईना. मी कपाळाला हात लावला. गडगा सरकवायचा तर गडग्यालगतची जागा मोकळी हवी, मागच्या कुंपणाजवळची नव्हे. हे मी दुसऱ्यांना सांगत आलो.

आता एकच उपाय होता. आख्खा डी, आतल्या सामानासकट, पलीकडे ढकलायचा. त्यासाठीचं दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, आधी कॉपी काढा आणि मधे लाइट जाऊ देऊ नका. मी बटण दाबलं.

अकरा टक्क्यांवर लाइट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. पंखा बंद केला, नेटचा डबा काढला, देवाजवळचा छोटा दिवासुद्धा विझवला. तेरा टक्के. सामान अर्धं या घरात, अर्धं त्या घरात, आणि छप्पर काढलेलं. मी खुर्चीवरून उठलो नाही. उठलो तर काही पडेल असं वाटत होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन.

"जेवलात?"

"जेवलंय."

"आवाज असो कित्या येता? बरां नाय काय?"

"बरां आसा. चेडू काय करता?" मी नातीचं विचारलं.

"तुमची काठी सोधत फिरता. आनी कॉम्प्युटर?"

"आसा थंयच," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

बावीस टक्क्यांवर इन्व्हर्टर शिट्टी वाजवायला लागला. आधी थांबून थांबून, मग सलग. देवाला गाऱ्हाणं घालावं असं मनात आलं, पण काय म्हणून घालणार? बा देवा, सुनेने नको म्हटलेलं मी केलं, तू सांभाळ? मुलगा दारात येऊन चपला काढतोय आणि म्हणतोय, "दाखव बघूया", एवढंच डोळ्यांसमोर.

लाइट आली. शिट्टी थांबली. मी तिथेच बसून राहिलो, दिवेलागणीपर्यंत, शंभर होईतो.

सी मोकळा झाला होता. डी उघडायला मात्र हात पुढे होईना. उघडला तेव्हा सगळं होतं. शेवटचा व्हिडिओ लावला. नात अंगणात माझ्या गडग्याला धरून चालतेय आणि मागून माझाच आवाज, सुनेला सांगणारा: "धर गो तेका, पडात."

तरी झोप लागली नाही. होतं म्हणून होतं, माझ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने कसालला गेलो. कॉम्प्युटरवाल्याचं दुकान अजून उघडलं नव्हतं, पायरीवर बसलो. तो माणूस आला, कुलूप काढत म्हणाला, "काकानु, काय बिघडलां?"

"काय नाय. बाहेर ठेवची डिस्क होयी," मी म्हटलं. "आनी रविवारी येवन कॉपी तूच काढ. मी हात लावचंय नाय."