आप्पांचं रबर आणि क्लिप

मे महिन्यात नांदेडात गाड्यांच्या एसीवाल्याच्या गॅरेजात येऊन बसा एकदा. गॅस भरायला तास लागतो, बाहेर उन्हात पाय ठेववत न्हाई, मग गिऱ्हाईक करणार काय? बोलतंय! असे वीस उन्हाळ्यांचे किस्से माझ्याकडं पडून हायत. त्यातले निम्मे आप्पांचे.

आप्पा म्हणजे नागनाथआप्पा, माझे उस्ताद. गॅरेज त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. दोन वर्षांखाली त्यांना लकवा मारला, उजवा हात गेला, आणि पोरगा महेश त्यांना लातूरला घेऊन गेला. पोरानं नेलं, बरोबरच केलं. पण खरं सांगू? मला आप्पा परत पाहिजेत. सकाळी शटर वर केलं की लई आठवण येते.

*

आमच्याकडं लोक एसी बसवायला येतेत तसे काढायलाबी येतेत. "अ‍ॅव्हरेज देत न्हाई, टाका काढून!" कंप्रेसर काढला की मागं पाइपाची तोंडं उघडी राहतात. बाकीचे मेकॅनिक तशीच सोडतेत. आप्पा न्हाई! सायकलच्या ट्यूबचं रबर मापात कापायचं, तोंडावर चढवायचं, वरून क्लिप आवळायची, बोटानं हलवून बघायचं, परत आवळायची. "ओल आत गेली की डॅशबोर्डमागची कॉइल सडतीय," हे ते प्रत्येकाला समजावून सांगायचे. गिऱ्हाइकाला त्याची काडीची फिकीर नसायची.

एकदा देगलूरचे एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, वैतागले. एसी काढायला एक तास आणि तोंडं बंद करायला दीड!

"आप्पा, एसी काढायला सांगितला होता, पाइपाचं बारसं करायला न्हाई!"

आप्पांनी मान वर केली न्हाई. "मग नाव काय ठेवायचं म्हणता?"

गुत्तेदार एवढे हसले की चहा त्यांनीच मागवला.

*

मी शिकत होतो तेव्हाचं. एका जीपचं एक तोंड बंद करायचं मी विसरलो. विसरलो कसला, कंटाळा केला. आठ महिन्यांनी तोच जीपवाला एसी परत बसवायला आला. आप्पांनी पाइपात हवेचं प्रेशर मारलं तर हवा पुढं जाईना. आणखी मारलं. फाडकन आवाज झाला आणि मातीचा गोळा सुटून थेट आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर!

कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. अळ्यांसकट.

मी म्हणलं, आता कानाखाली बसतीय. आप्पांनी शर्ट झटकला, गोळा हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाले, "संज्या, घरभरणीला मला बोलावलं न्हाईस रे!"

त्या दिवसापासून मी एकबी तोंड उघडं सोडलं न्हाई.

*

उलट जास्तच बंद करायला लागलो! आप्पा एका लग्नाला गेले होते. एक सर आले, कुटुंबासोबत माहूरला दर्शनाला निघालेले. "एसी चांगला हाय, पण गाडीखाली पाणी टपकून राहिलंय." मी वाकून बघितलं. एक पाइप, तोंड उघडं. मी मोठ्या ऐटीत रबर चढवलं, क्लिप आवळली. टपकणं बंद! सर खूश, मी खूश.

संध्याकाळी सर परत आले. मागच्या सीटवर त्यांच्या सासूबाई, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसलेल्या. एसीचं सगळं पाणी आत साचलं होतं, साडीचा काठ भिजला होता, चपला तरंगत होत्या.

"जावईबापू," म्हातारी म्हणाली, "गाडी घेतली का विहीर?"

तोवर आप्पा लग्नाहून परतले होते, त्यांनी एका मिनिटात रबर काढलं. "येड्या, टपकणं हेच त्या पाइपाचं काम हाय!" मला शिव्या दिल्या, पण म्हातारीला उतरवायला स्वतःचा हात दिला. तोच उजवा हात. मला अजून दिसतो.

*

मागच्या दिवाळीत लातूरला गेलो. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. सूनबाईनं तक्रार सुरू केली, "दादा, रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी थांबवतेत हो! बॉनेट उघडायला लावतेत. काल उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, थंड करतंय का म्हणून!"

"काय म्हणला मग तो?" मी विचारलं.

"म्हणला, आजोबा, वाराच लई हाय!" आप्पा स्वतःच सांगून हसले.

मी म्हणलं, "चला नांदेडला. नुसतं खुर्चीवर बसा, शिव्या द्या."

"हात हलला की येतो."

महेश मला फाटकापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "दादा, त्यांना आशा लावू नका. डॉक्टर न्हाई म्हणलेत."

*

आणि हा यंदाच्या मे महिन्यातला. इस्लापूरचा मारोती जुन्या गाडीतून डायलिसिसचे पेशंट नांदेडला आणतो. त्याचा कंप्रेसर जाम झाला. ते मॉडेल कंपनीनंच बंद केलेलं, पार्ट कुठंच मिळेना, पेशंट उन्हात अर्धमेले होऊन राहिले. तसलीच एक गाडी मला माहीत होती. गॅरेजामागं उभी असलेली आप्पांची.

मी फोन केला. आप्पा म्हणाले, "काढ. मी आता कुठं चालवतोय. काढून झालं की भंगारात दे, महेशबी तेच म्हणतोय."

मात्र व्हिडिओ कॉल लावायला लावला. लातुरात सूनबाईनं फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि इकडं मी बॉनेट उघडलं. मग काय! "तो बोल्ट आधी! हळू! गॅस सोडलास का सगळा?" तासभर शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांत एवढा सुखाचा तास गेला न्हाई. कंप्रेसर निघाला. मारोती तो पोरासारखा उराशी धरून आपल्या गाडीकडं घेऊन गेला.

राहिली पाइपाची तोंडं. भंगारात जाणाऱ्या गाडीला काय करायचं? मी आपला तोंडांवर टेप गुंडाळला आणि बॉनेट पाडायला हात लावला.

"थांब," आप्पा म्हणाले.

सूनबाई चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली. ती गेली का, ते आप्पांनी दाराकडं बघून घेतलं. मग डाव्या हातानं फोन तोंडाजवळ ओढला आणि हळू आवाजात म्हणाले,

"टेप काढ. रबर घाल, क्लिप आवळ. महेशला सांगू नको."