साहेबांचा आवाज

आमच्या ह्यांना सगळा बाजार भोंगे म्हणतो. लग्न असो, सेल असो, नाहीतर कुणाची शोकसभा, कर्णे आणि माइक आमचेच. मामांच्या हाताखाली खांबांवर कर्णे चढवता चढवता ह्यांना मिसरूड फुटलं आणि मामा गेल्यावर दुकान गळ्यात पडलं. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, जिचं शटर अर्ध्यातच अडकतं. माइक जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवतात, तेही धुतलेल्या. मला कधी इतकं जपलं असतं तर आज गुडघे धरून बसले नसते.

जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा केला, स्वतःचा कधी काढला नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं खातील. पुढाऱ्यांची भाषणं तर ऐकतच नसत. कर्ण्यातून शीळ येते का, तेवढं ऐकायचं. "बोलू देत काय बोलायचंय ते, सगळे सारखेच," म्हणायचे. तेवढी एक अक्कल होती ह्यांना, ती पण गेली.

झालं असं. सत्तेतल्या पक्षानं मित्रदेशाच्या लढाईत आपलं सैन्य पाठवायचं ठरवलं. वर निवडणूक तोंडावर. त्या पक्षाचाच आमच्या भागातला उमेदवार एका सभेत उठला आणि म्हणाला, "माझ्या पक्षाचं हे परराष्ट्र धोरण म्हणजे..." आणि खट्कन आवाज गेला. बिचारा माइकशिवाय ओरडत राहिला, गळ्याच्या शिरा ताणून. पहिल्या रांगेपलीकडे कुणाला अक्षर कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत त्याचाच फोटो. पक्षानं आवाज दाबला म्हणे. तेव्हापासून लोक त्याला रोखठोक म्हणायला लागले. धड एक वाक्य पुरं न करता माणूस रोखठोक झाला, बघा!

ह्यांना राग आला तो पक्षाचा नाही, त्या सभेच्या माइकवाल्याचा. "माणूस बोलत असताना बटण फिरवलं? ह्याला धंदा म्हणतात?" जेवण तसंच टाकून येरझाऱ्या घालत होते. आणि हा राग नुसता धंद्याचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. आमची एकुलती एक लेक सैन्यात रुग्णवाहिका चालवते. जाणाऱ्या तुकड्यांत तिची तुकडी होती.

मग काय, हे उठले ते थेट रोखठोकच्या कचेरीत. "साहेब, इथून पुढे तुमच्या सभांना माझा माइक. मी असेपर्यंत तुमचा आवाज जाणार नाही." साहेबांनी मिठी मारली म्हणे. तो शर्ट हे धुवायला टाकेनात. मी म्हटलं, "अहो, घामाचा वास येतोय. मिठी निघून गेली असेल एव्हाना."

त्यानंतर घरात एकच जप. साहेब असे, साहेब तसे. मोठी सभा ठरली होती, तिला पक्षाचे सर्वोच्च नेते येणार होते. ह्यांचं गणित असं की साहेब त्यांच्या तोंडावर बोलले की पक्षातल्या बाकीच्या गप्प बसलेल्यांना कंठ फुटेल, गलका होईल आणि तुकड्या थांबतील. जणू ह्या एका माणसानं घसा साफ केला की विमानं माघारी फिरणार! पण लेकीचा फोन आला की हेच सांगायचे, "सामान बांधायची घाई करू नकोस, साहेब बोलणार आहेत." ती हसायची. पण तिलाही थोडी आशा लागली होती, हे मला तिच्या आवाजावरून कळायचं.

सभेच्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर मांडामांड करत होतो. मी टेबलाखाली बसून वायरीला चिकटपट्टी लावत होते. साहेब एकटेच आले. मला पाहिलं असेल, पण टेबलाखालच्या बाईला मोजायची त्यांना सवय नसावी.

"भोंगे, एक काम करायचं," ते म्हणाले. "मी युद्धाचा विषय काढला की पहिल्याच वाक्यात आवाज घालवायचा. मागच्या वेळेसारखा."

"मागच्या वेळी ते पक्षानं केलं होतं ना, साहेब?"

साहेब हसले. "पक्षाला एवढी अक्कल कुठली? अहो, बोललो तर ठरलेलं मंत्रिपद जातं. नाही बोललो तर मतं जातात. बोलता बोलता आवाज गेला की दोन्ही शाबूत."

मला वाटलं, आता आमचा हा मुका माणूस निदान माइकचा दांडा तरी उचलेल. हे म्हणाले, "बरं." साहेब ह्यांच्या खांद्यावर थाप मारून निघून गेले.

मी बाहेर आले ती फणफणतच. "बरं म्हणालात? अहो, लेक आहे आपली!"

"आवाज घालवणार नाहीये मी," हे म्हणाले. "तोंडासमोर माइक चालू असला की माणसाला बोलावंच लागतं. आयुष्यभर बघतोय मी. साहेबांच्या मनात आहे गं ते, फक्त धीर होत नाहीये."

मी कपाळावर हात मारून घेतला. उघड्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या कानांनी ऐकूनसुद्धा माणूस भक्तच राहिला.

दुपारी मैदान गच्च भरलं. सर्वोच्च नेते मधल्या खुर्चीत, मान डुलवत. साहेबांनी रस्त्यांचा विषय काढला, पाण्याचा काढला, शाळांचा काढला. मग हात वर करून म्हणाले, "आणि माझ्या पक्षानं आपली मुलं परक्या लढाईत..." एवढं म्हणून नुसतेच ओठ हलवायला लागले. आवाज नाही, शब्द नाही, नुसतं तोंड! मग वैतागल्यासारखं करून माइकवर टिचकी मारली. टॉक टॉक. सगळ्या मैदानात घुमलं. साहेब चमकले. खाली वाकून हळूच म्हणाले, "अरे, बंद कर ना!" तेही कर्ण्यांतून मागच्या फाटकापर्यंत गेलं. लोक खो खो हसले. सर्वोच्च नेत्यांची मान डुलायची थांबली.

ह्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. बटणाच्या जवळपाससुद्धा नाही. साहेबांकडे असे बघत होते, जसं पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पोराकडे बघावं. मला ह्यांचा इतका संताप आला आणि तितकंच रडू आलं.

साहेबांनी घसा खाकरला. "परक्या लढाईत पाठवायचं ठरवलं," ते म्हणाले, "हा आपल्या सगळ्यांचा सन्मान आहे!"

आणि टाळ्या पडल्या. आत्ता फिदीफिदी हसत होते, त्याच लोकांनी वाजवल्या. सर्वोच्च नेते उठून साहेबांना भेटले. थुंकावंसं वाटलं मला, पण आजूबाजूला आमच्याच वायरी होत्या.

सामान आवरताना हे नुसते माइक बनियनमध्ये गुंडाळत राहिले. मीच साहेबांच्या सात पिढ्या काढल्या, टेम्पोवाला ऐकत होता तरी. घरी येऊन पाणी प्यायलो, तोवर लेकीचा फोन. ह्यांनीच घेतला.

"बाबा, बोलले का साहेब?"

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "बोलणारच होते गं. ऐन वेळी आवाज गेला."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. त्या नेभळटाची अब्रू झाकायला हा माणूस स्वतःच्या धंद्यावर, स्वतःच्या हातावर बालंट घेत होता! मी फोन हिसकावला. "खोटं बोलतायत हे. आवाज ठणठणीत होता. तुझ्या बापानं चालू ठेवला होता. तो मेला बोललाच नाही, उलट सन्मान म्हणाला. ऐकलंस?"

पलीकडून इंजिनांची घरघर येत होती.

"आई, बाबांना ओरडू नकोस," ती म्हणाली. "आमच्या गाड्या दुपारीच विमानात चढवल्या."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती म्हणाली ते जसंच्या तसं.