लिंडसेच्या यूटचं जड स्टिअरिंग

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हात सोडायचा नाही, मान हलवायची नाही, नुसतं बोट. ओळख असो नसो, भांडण असो, बोट वर झालंच पाहिजे. केकच्या स्पर्धेवरून माझं आणि मेरिल नॉस्केचं बोलणं बंद होतं ना, तेव्हाही आमची बोटं चालू होती. जो उचलत नाही तो एकतर अॅडलेडहून आलेला, नाहीतर शिष्ट. त्यामुळे लिंडसे ट्रेलोर बोट उचलेनासा झाला, ही बातमी आमच्या गॅरेजच्या काउंटरवर लगेच येऊन आदळली.

गॅरेज माझ्या नवऱ्याचं, कीथचं. हात काळे करायचे त्याने आणि तोंड चालवायचं मी, अशी आमची वाटणी आहे. गावात कुणाचं काय चाललंय ते मला कळतं आणि माझ्याकडून बाकीच्यांना कळतं. उगाच कशाला खोटं बोलू?

लिंडसे आणि रॉइस हे दोघे भाऊ, दोघंही बिनलग्नाचे. खाऱ्या तळ्याच्या अंगाला त्यांचा गहू आणि मेंढरं. रॉइस थोरला, तोंडाने फटकळ, दिलाने मोकळा. मागे हौदा असलेली ती पांढरी यूट कायम तोच चालवायचा. लिंडसे डावीकडच्या सीटवर. आमच्या शेतांत दर कुंपणाला फाटक, आणि उतरून फाटक उघडायचं काम डावीकडे बसणाऱ्याचं. जन्मभर लिंडसे उतरला, फाटक उघडलं, यूट आत गेली की लावलं, परत चढला. बोलायचं काम रॉइसचं होतं. बोट उचलायचं सुद्धा.

मेंढरांची लोकर कापणं चालू असताना रॉइस शेडमध्ये बसल्या जागी गेला. हातात चहाचा मग तसाच.

लिंडसे रडला नाही. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये त्याने अंड्याचं सँडविच खाल्लं, सगळ्यांचं "हो, हो" म्हणून ऐकून घेतलं आणि लोक जायच्या आधीच खुर्च्या आवरायला लागला. मेरिलने दिलेलं मटणाचं भांडं दोन दिवसांनी लख्ख धुऊन तिच्या दारात ठेवलेलं होतं. आत कोण आहे नाही बघितलं नाही, हाकही मारली नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडा रागही आला. माणसाने इतकं गप्प राहावं का?

मग तो यूट घेऊन गावात यायला लागला. एकटा. फाटकाशी थांबायचा, उतरायचा, उघडायचा, यूट पलीकडे न्यायचा, परत उतरून लावायचा. रस्त्यावर लोक लांबूनच पांढरी यूट ओळखून बोट उचलायचे. हा समोर बघत सरळ निघून जायचा.

एकदा तो टायर घ्यायला आला आणि नेमकी मेरिल काउंटरला टेकून उभी. तिने धरलंच त्याला. "काय रे, आम्ही मेलो का तुला? काल एवढं बोट उचललं मी, तुझे डोळे सताड उघडे, पण बघितलंस तरी का?"

लिंडसेने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "स्टिअरिंग जड झालंय. दोन्ही हात लागतात."

"अगं बाई!" मेरिलचा सूरच बदलला. "आणि आम्ही मेले काय काय बोललो तुला!"

यूटखाली लाल तेलाचे थेंब होतेच. पॉवर स्टिअरिंगचं तेल. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं, बिचाऱ्याचं स्टिअरिंग गळतंय, त्याला बोट कसं उचलता येणार? लोकांनी त्याला माफ करून टाकलं. कुणी अडवेना, कुणी खोदून विचारेना. लिंडसे येईना का, जाईना का.

कीथने त्या दिवशी यूटखाली सरपटत जाऊन बघितलं. पंपाकडून येणाऱ्या नळीच्या जोडावर जरा ओल होती. "हे काय गळणं म्हणायचं," तो बाहेर येऊन म्हणाला. "अधनंमधनं घोटभर तेल घाल. गाडी म्हातारी आहे, राहू दे."

"राहू दे काय?" मी आतूनच ओरडले. "सुगी तोंडावर आलीय. रस्ताभर धान्याचे ट्रक. जड स्टिअरिंग घेऊन हा कुठे घुसला म्हणजे?"

कीथ पाने गोळा करायला लागला. लिंडसे म्हणाला, "बघू."

हे "बघू" कित्येक आठवडे चाललं. तो तेलाची बाटली न्यायला यायचा, मी म्हणायचे नळी बदल, तो म्हणायचा बघू, आणि कीथ पान्याशी चाळा करत राहायचा. माझं डोकं फिरायचं. गाडीतली एवढीशी नळी, तिच्यावर विचार किती करायचा माणसाने! पण लिंडसेच्या बाजूने बघा. गळती राहिली तर त्याला माफी होती. गळती गेली की गाव त्याच्या बोटाकडे डोळे लावून बसणार. हे मला तेव्हा कळायला हवं होतं की नाही, देव जाणे. मला फक्त ट्रक दिसत होते.

शेवटी एका दुपारी मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात मटण-बटाटा भरलेली पेस्टी आणि चहा ठेवला. "आज ठरवायचं," म्हटलं. "गाडी ठेवायचीय ना अजून?"

"काय माहीत."

"काय माहीत म्हणजे? शेत करणार आहेस की नाही पुढे?"

"करतोय की."

"मग?"

त्याने पेस्टी मोडली, आतला बटाटा बघत बसला. "दुरुस्त झालं की मग काय?" त्याने विचारलं.

"मग काय म्हणजे? मग हलकं होईल!"

"हं," लिंडसे म्हणाला. आवाजात राग नाही, दुःख नाही, काही नाही. "करायचं तर करा मग."

दारात उभ्या कीथने माझ्याकडे असं बघितलं की बाई, आता गप्प बस. मी कशी गप्प बसणार? नळी मागवलीसुद्धा.

नळी आली, कीथने ती बसवली, तेल भरलं, चाक इकडून तिकडे फिरवून बघितलं. लिंडसे भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरच्या दारात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारल्यावर माणूस उभा राहतो तसा. किल्ली घेतली, "बरं" म्हणाला आणि निघाला. यूट कोपऱ्यावर वळते न वळते तोच मी फोन फिरवला. मेरिलला सांगितलं, मेरिलने बाकीच्यांना. लिंडसेचं स्टिअरिंग झालं एकदाचं!

तो तासाभरातच परत आला. यूट आवारात उभी केली आणि आतच बसून राहिला, दोन्ही हात चाकावर. मी पळतच गेले.

"काय रे, परत गळतंय?"

"नाही. लोण्यासारखं फिरतंय."

"मग?"

"सगळ्यांनी बोट उचललं. नॉस्केची मेरिल तर हात बाहेर काढून हलवत होती."

"मग तू?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. कीथ शेडमधून बाहेर येऊन माझ्या मागे उभा राहिला होता.

"ते रॉइसला करतात," लिंडसे म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? रॉइसला पोचवायला सगळं गाव आलं होतं की!"

"यूट त्याची आहे. लांबून यूट दिसते, बोट उचलतात. मी इकडे बसायचो." त्याने डावीकडच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. "मला कुणी कधी केलं? मी कुणाला केलं? ते त्याचं होतं. मी उचललं की त्याच्या जागी मी, असं होतं. मला ते जमत नाही."

एवढं सलग बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे कोरडेच होते. माझेच भरून आले आणि मला माझाच संताप आला.

"तुला वाईट वाटतंय, लिंडसे," मी म्हटलं. "रड की जरा."

"काही वाटतच नाही ना, ग्लेनिस," तो म्हणाला. "सकाळी उठतो, मेंढरं बघतो, झोपतो. तुम्ही सगळे थांबता मला काहीतरी वाटेल म्हणून." मग तो माझ्या खांद्यावरून कीथकडे बघायला लागला. "ती जुनी नळी टाकलीस का?"

"आहे पिंपात."

"परत बसव तीच."

कीथ खिडकीपाशी आला. जरा वाकला. "लिंडसे," तो हळूच म्हणाला, "तेवढ्याशा गळतीने स्टिअरिंग जड होत नाही. जड नव्हतंच ते कधी."

"ठाऊक आहे मला," लिंडसे म्हणाला. "लोकांना ठाऊक नव्हतं."

म्हणजे कीथला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो फडक्याने हात पुसत राहिला, एकेक बोट. या माणसाला आपल्या कामाचा केवढा गर्व. दुसऱ्या गावच्या मेकॅनिकने याच्या कामाला नुसतं "ठीक आहे" म्हटलं तरी दोन दिवस जेवण जात नाही.

"गळकी नळी मी बसवत नाही," कीथ म्हणाला. "नवी आहे ती राहील." मग माझ्याकडे वळला. "तू आत जा. मेरिलला फोन कर आणि सांग, कीथला जमलं नाही. स्टिअरिंग होतं तस्संच जड आहे."

"किती दिवस सांगायचं असं?" लिंडसेने विचारलं.

"तू म्हणशील तोवर."

लिंडसेने यूट चालू केली आणि आवारातून बाहेर काढली. मी आत जाऊन फोन उचलला. मेरिलने सगळं ऐकून घेतलं.

"कमाल आहे!" ती म्हणाली. "इतकी वर्षं पाने फिरवतोय तुझा नवरा, आणि एक साधी नळी बसवता येत नाही त्याला?"

"नाही येत," मी म्हटलं.